आझेची उष्टी बाटली

गवताळ माळावरच्या साझतोबे गावातली माणसं कुल्याशला ‘साबण’ म्हणत, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणत. ती रस्त्याने निघाली की घोडीचं आंबवलेलं दूध, कुमिस, पीत बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी ओरडे, "साबणबाई आल्या, हात लपवा रे!" म्हातारे खरोखरच हात बगलेत खुपसत. कुल्याश एकेकाचा हात ओढून बाहेर काढी, नखं बघे आणि म्हणे, "शी!" त्या एका अक्षरात ती माणसाची सात पिढ्यांची अब्रू काढी.

तीस वर्षं ती गावातल्या दोन खोल्यांच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. डॉक्टर महिन्यातून एकदा जिल्ह्याच्या गावाहून येई, तोही रस्ता बरा असला तर. एरवी गाव आणि गावाची घाण यांच्यामध्ये ती एकटी उभी. रक्ताची तिला किळस नव्हती. बाळंतपणाची नव्हती, मेंढीचं पोट फाडून आतडी धुण्याचीही नव्हती. किळस होती ती माणसांच्या सवयींची. एकाच टॉवेलाला तोंड पुसणारी अकरा माणसं. नाक शिंकरून तोच हात सलामाला पुढे करणारा जावई. चमचा चाटून परत साखरेत घालणारी विहीण. मेजवानीत म्हातारी माणसं ताटातलं मांस आणि चरबी मुठीत घेऊन पोरांच्या तोंडात कोंबतात आणि पोरं ती मूठ चाटूनपुसून गिळतात, कारण तो मान आहे. लहानपणी कुल्याशच्या तोंडात अशी मूठ आली तेव्हा ती जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरच ओकली होती. तिच्या आईला त्याची लाज मरेपर्यंत पुरली.

खरा कहर होई ऑगस्टात. ऑगस्टात गावाभोवती झुसान, कडवट वासाचा रानदवणा, फुलतो. शहरात राहणारी माणसं सुटीहून परत जाताना त्याची जुडी बांधून नेतात, उशाशी ठेवतात, हुंगतात आणि डोळ्यांत पाणी आणतात. साझतोबेत जुडी बांधावी लागत नाही. तिथे ऑगस्टात सगळ्या गावाच्या डोळ्यांना तसंच पाणी असतं. वाऱ्याबरोबर झुसानचा पिवळा धुरळा येतो, आणि पहिल्या आठवड्यात निम्मं गाव मुठी वळून डोळे चोळायला लागतं. मेंढ्या हाकलेल्या हातांनी, लेंड्या गोळा केलेल्या हातांनी चोळतं. पापण्या सुजतात, डोळ्यांतून चिकट पांढरी तार निघते, ती बाहीला पुसतात आणि त्याच बाहीने पाहुण्याचं चहाचं पियालं पुसतात. कुणी डोळ्यांत थंड चहा घालतं, कुणी ओल्या बाळंतिणीचं दूध. एका मेंढपाळाने तर घोडीचं दूध घातलं होतं, आणि वर दवाखान्यात येऊन कुल्याशला ते अभिमानाने सांगितलं होतं.

तिने स्वतःच्या हाताने एक मोठा कागद लिहून दवाखान्याच्या भिंतीला लावला होता. डोळे चोळू नका, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय थेंब घालू नका, एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नका. लोक रांगेत बसून तो कागद वाचत, आणि वाचता वाचता शेजारी दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने डोळ्याचा कोपरा खाजवत.

तिच्या घरात तिघीच बायका. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा झांदोस पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर, महिनाभर तिकडे आणि पंधरा दिवस घरी. उरल्या कुल्याश, तिची सासू उलबोसिन आणि झांदोसची बायको मेरूएर्त; ती कुल्याशला अपा, म्हणजे आई, म्हणे. उलबोसिनला सगळं गाव आझे, म्हणजे आजी, म्हणे. वय अठ्ठ्याऐंशी, दात स्वतःचे, आवाज घोड्याला थांबवील असा. ही गोष्ट घडली त्या वर्षीच्या वसंतात तिच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू शहरात काढला, आणि परत आल्यावर तिने अंगणात बसून साऱ्या गावादेखत सुईत दोरा ओवून दाखवला. तेव्हापासून तिच्या डोळ्यांची कीर्ती शेजारच्या तीन गावांत पसरली होती.

आता सारकितचं सांगायला हवं. मेजवानीतून उरलेलं बांधून घरी नेतात ते सारकित. पण ज्याला नशिबाने भरभरून दिलं आहे अशा म्हाताऱ्या माणसाच्या ताटातलं सारकित म्हणजे नुसतं उष्टं नव्हे. ते खाल्लं की त्याचं आयुष्य, त्याचं नशीब आपल्याकडे येतं. आझेच्या ताटातल्या हाडावर बायका अक्षरशः झडप घालत. ते कुल्याशने तीस वर्षं पाहिलं होतं आणि तीस वर्षं तोंड फिरवून घेतलं होतं. हाडाने फार तर पोट बिघडेल, म्हणून ती गप्प बसे.

त्या ऑगस्टात शेजारच्या बालकियाकडे नातवाला पाळण्यात घालायची मेजवानी होती. कुल्याश बाहेर चहाचं पाणी उकळणाऱ्या समोवारापाशी होती. आत बायका दस्तरखानाभोवती दाटीने बसल्या होत्या, आणि मेरूएर्त दाराजवळ चहा ओतत होती. तिचे डोळे लालबुंद झाले होते.

"इकडे ये गं पोरी," आझे म्हणाली. "डोळे बघ कसे झालेत, सशासारखे."

"काही नाही आझे, झुसान आहे."

"झुसान आमच्या वेळेलाही होता. ये, डोकं ठेव माझ्या मांडीवर." आझेने कोटाच्या खिशातून एक छोटी बाटली काढली. "शहरातल्या डॉक्टरने मला दिलेले थेंब आहेत. हे बघ, अजून अर्धी आहे. माझे डोळे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, अजून दोरा ओवते मी. हे माझं सारकित तुला. माझी नजर तुला मिळो!"

"आमीन!" म्हणून सगळ्या बायकांनी तळहात तोंडावरून फिरवले.

आझेने दोन बोटांनी मेरूएर्तचा डोळा फाकवला. बोटांना मघा हातांनी खाल्लेल्या बेशबारमकमधल्या मांसाची चरबी होती. बाटलीची चोच पापणीला टेकली, बुबुळाला टेकली, मग दुसऱ्या डोळ्याला टेकली. तेवढ्यात बालकिया गुडघ्यांवर पुढे सरकत आली. "आझे, मलाही एक थेंब घाला ना. माझ्या नशिबात कधी असलं सारकित यायचं!" तिच्यामागून तिची जाऊ आली, जावेची बहीण आली, पाळण्यातल्या पोराची आईही आली. अशा सात जणी आळीपाळीने मांडीवर डोकं ठेवून गेल्या, आणि ती एकच चोच चौदा डोळ्यांना टेकली.

समोवार घेऊन कुल्याश आत आली तेव्हा सातवी उठत होती.

"आझे! काय चाललंय हे?"

"आशीर्वाद चाललाय. तू समोवार ठेव."

कुल्याशने समोवार ठेवला आणि सासूच्या हातातून बाटली ओढून घेतली. चोचीवर पिवळी खपली धरली होती. खपलीत एक पापणीचा केस होता आणि कोटाची लोकर होती. बाटली तेलकट लागत होती.

"मार्चमध्ये फोडलेली बाटली आहे ही! ऑपरेशननंतर महिनाभर घालायची, मग फेकायची. आता ऑगस्ट आहे!"

"मग? मार्चचं लोणी ऑगस्टात खातो की आपण."

"लोणी डोळ्यांत घालता का तुम्ही? आणि सात जणींना एक बाटली? शी! एकमेकींच्या रुमालाने नाक पुसाल का गं तुम्ही?"

"पुसतो की," बालकिया म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

कुल्याश हसली नाही. तडक अंगणात गेली, संडासाचं दार उघडलं आणि बाटली खड्ड्यात टाकली. आतून बालकियाचा आवाज आला, "अगं बाई, आझेचं सारकित हिने संडासात टाकलं!"

चार दिवसांत त्या सातपैकी पाच जणींचे डोळे आले. सकाळी पापण्या चिकटून उघडेनात, पिवळा पू गालावर सुकून राही. कुल्याशने पाचही जणींचे डोळे उकळून गार केलेल्या पाण्याने स्वतः पुसले, दर वेळी वेगळा कापूस घेऊन, आणि प्रत्येकीला आतून येणारी किळस न लपवता सुनावलं. "आता पटलं?" तिने बालकियाला विचारलं.

"पटलं तर," बालकिया म्हणाली. "सारकितचा अपमान केला की असं होणारच. ते तू टाकलंस, भोगतोय आम्ही."

साऱ्या गावाचंही तेच मत पडलं. आझे सुनेशी चाळीस दिवस बोलली नाही. अशा लोकांपुढे कागद लावण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं, असं कुल्याशला वाटलं. तरी एक बाटली खड्ड्यात गेली, एवढं तरी आपल्या हातून झालं, या समाधानात ती राहिली.

आणि चुकली ती तिथेच. तिला जे वर्षभराने कळलं ते इथेच सांगून टाकलेलं बरं. मेजवानीच्या आधीच्या आठवड्यात तीन दिवस आझे चोरून मेरूएर्तच्या डोळ्यांत ते थेंब घालत होती, आणि त्यांनी जादू केली होती. पूर्वी रात्र रात्र डोळे चोळत बसणारी पोर पहिल्यांदा गाढ झोपली होती; थेंब थांबले तसे मेजवानीपर्यंत डोळे पुन्हा लाल झाले होते. बाटली खड्ड्यात गेली तरी तिचं खोकं आझेच्या पेटीत होतं. ते आझेने गुपचूप मेरूएर्तला दिलं. "औषध तेच आण," ती म्हणाली, "आशीर्वाद मी दिलेलाच आहे." मेरूएर्त जिल्ह्याच्या बाजारात गेली, औषधाच्या दुकानात रिकामं खोकं दाखवलं, आणि दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही की कशासाठी हवंय हे विचारलं नाही. भाजी द्यावी तशी बाटली दिली. मेजवानीनंतर चौथ्या दिवशी मेरूएर्तच्या डोळ्यांत पुन्हा थेंब पडत होते.

ते थेंब साधे नव्हते. ते ऑपरेशननंतरची सूज दाबणारं कडक औषध होतं, डॉक्टरने मोजून महिनाभर द्यायचं आणि मधून मधून डोळ्यातला दाब तपासायचा. ज्यांच्या डोळ्यांना ते सोसत नाही, त्यांच्या डोळ्यांत हळूहळू दाब चढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेकडेने मरत जाते. मेरूएर्तने ते महिनाभर घातलं, मग दुसरा महिना घातलं. झुसान संपला तरी सवयीने घालत राहिली, वसंतात पुन्हा वाढवलं. उजवा डोळा जास्त खाजे, म्हणून त्यात जास्त.

कुल्याशला काय दिसत होतं? सुनेचे पांढरेशुभ्र डोळे. सगळं गाव सुजलेल्या पापण्या घेऊन फिरतं आणि आपल्या घरातली पोर बघा! तिला वाटलं, शेवटी एका तरी माणसाने आपलं ऐकलं. तिने मेरूएर्तला एकदा दवाखान्यात नेऊन रांगेतल्या बायकांसमोर उभं केलं.

"बघा माझ्या सुनेचे डोळे. गार पाणी आणि स्वच्छ हात. दुसरं काही नाही. हो ना गं?"

"हो अपा," मेरूएर्त खाली बघत म्हणाली.

पुढच्या ऑगस्टात आझेचा चुलतदीर पाहुणा आला. ब्याण्णव वर्षांचा, थरथरत्या हातांचा माणूस. मेरूएर्त चहा ओतत होती. तिच्या हातच्या चहाचं कौतुक होतं, पियाल्यात अर्धाच, वर दुधाची साय, पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागावासा वाटेल असा. गेले काही महिने मात्र तिच्या हातून काही ना काही सांडे. उंबऱ्याला अडखळे, दाराच्या चौकटीला उजवा खांदा आपटे. कुल्याशच्या मते सून आळशी झाली होती. म्हाताऱ्याने उजवीकडून पियालं पुढे केलं, आणि मेरूएर्तने उकळता चहा सरळ त्याच्या मनगटावर ओतला.

म्हातारा कळवळला. कुल्याशने त्याचा हात गार पाण्यात धरला आणि सुनेवर ओरडली, "डोळे फुटले की काय तुझे?"

मेरूएर्त उठून बाहेर गेली. बराच वेळ झाला तरी येईना, तेव्हा कुल्याश तिला शोधत गोठ्यात गेली. मेरूएर्त गाईच्या पोटाला टेकून उभी होती, मान वर, एका हाताने पापणी ओढलेली, दुसऱ्या हातात बाटली. चोच पापण्यांवरून घासत फिरत होती. हातांना सकाळच्या धारेचं दूध सुकलेलं होतं. वर तुळईवर, जुन्या खोगिरामागे आणखी दोन बाटल्या होत्या, एक रिकामी, एक न फोडलेली, आणि त्यांच्यावर माश्या बसल्या होत्या.

कुल्याशला आधी नेहमीसारखीच शिसारी आली. शेण, माश्या, पापणी, चोच. मग तिने बाटली हातात घेऊन नाव वाचलं, आणि किळसेच्या जागी गार भीती आली.

"कधीपासून?"

मेरूएर्तने बाहीने पापण्या पुसल्या.

"मेरूएर्त, कधीपासून घालतेस हे?"

"मागच्या ऑगस्टपासून."

या वेळी कुल्याशने काहीही खड्ड्यात टाकलं नाही. तिन्ही बाटल्या स्वच्छ पिशवीत घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने सुनेला घेऊन शहरात गेली.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टर हेगाय म्हणून एक बारीक चणीची बाई होती. तिने मेरूएर्तच्या डोळ्यांतला दाब दोनदा मोजला. मग तिला एका यंत्रात डोकं घालून बसवलं आणि दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. यंत्रातून दोन कागद निघाले. डाव्या डोळ्याच्या कागदावर कडेला काळे डाग होते. उजव्याच्या कागदावर मधे थोडा पांढरा तुकडा होता आणि बाकी काळं.

"हे थेंब कुणी लिहून दिले?"

"कुणी नाही," कुल्याश म्हणाली. "खोकं दाखवून आणले."

"वर्षभर?" डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "मी माझ्या रोग्याला हे दिले तर तीन आठवड्यांत दाब मोजायला बोलावते. बाजारात कोण मोजणार?"

"गेलेली नजर परत येईल?"

"गेलेली नाही येणार. उरलेली वाचवायची. दाब उतरवायचे थेंब देते, ते आता रोज, आणि बंद कधी करायचे ते मी सांगेन. हे जुने कसे थांबवायचे तेही मीच सांगेन, स्वतःच्या मनाने नाही. झुसानच्या खाजेसाठी वेगळे थेंब आहेत, साधे, तेही लिहून देते." मग ती मेरूएर्तकडे वळली आणि हळू बोलली. "आधी हात साबणाने धुवायचे. मान मागे, खालची पापणी ओढून खोबणी करायची आणि तिच्यात एकच थेंब. चोच कशालाही टेकता कामा नये, डोळ्याला नाही, पापणीला नाही, बोटाला नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध दहा मिनिटांनी. फोडलेल्या दिवसाची तारीख बाटलीवर लिहायची, आणि महिन्याने उरलं असलं तरी फेकायचं. तुझी बाटली तुझीच." तिने कुल्याशच्या पिशवीवरचा दवाखान्याचा शिक्का पाहिला. "तुम्ही नर्स आहात ना? मग तुम्हाला हे वेगळं सांगायला नको."

कुल्याशला वाटलं, या बाईने आपल्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीत दोघी मागे बसल्या होत्या. अर्ध्या वाटेवर कुल्याशने विचारलं, "मी घरात होते. रोज तुझ्यासमोर होते. मला का नाही सांगितलंस?"

"अपा, तुम्ही रागवाल."

"रागावते तर मी सगळ्यांवरच. कारण सांग."

मेरूएर्त खिडकीकडे वळून बोलायला लागली. "मी लग्न होऊन आले तोही ऑगस्टच होता. तिसऱ्या दिवशी पीठ मळत होते. डोळ्यांना इतकी खाज सुटली की मनगटाने चोळले. तुम्ही बघितलंत. ‘शी’ म्हणालात, परात उचललीत आणि सगळं पीठ कुत्र्याला घातलंत. घरात पाहुणे होते, माझी आईही होती. आई घरी जाईपर्यंत मान वर करत नव्हती."

"पिठात डोळ्याची घाण गेली होती."

"हो. बरोबरच होतं तुमचं." मेरूएर्तचा आवाज शांत होता. "पण त्यानंतर मला वाटायचं, माझे डोळे तुम्हाला दिसताच कामा नयेत. लाल झाले की गोठ्यात जायचे, चिकट पाणी आलं की गोठ्यात. आझेच्या थेंबांनी ते पांढरे झाले आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसायला लागलात. दवाखान्यात सगळ्यांना दाखवलंत. मग मी ते थेंब कसे सोडणार होते?"

कुल्याशला ती परात आठवत होती. पीठ कुत्र्याने खाल्लं नव्हतं हेही आठवत होतं. तिने पुष्कळांच्या जखमा धुतल्या होत्या, पुष्कळांचे डोळे पुसले होते, आणि घरात आलेल्या या पोरीचे खाजणारे डोळे हातात घेऊन एकदाही नीट पाहिले नव्हते. डॉक्टरकडे नेते म्हणाली होती, झांदोस आला की नेऊ म्हणाली होती, आणि विसरली होती. त्या म्हातारीच्या चरबीच्या बोटांनी निदान पोरीचं डोकं मांडीवर तरी घेतलं होतं. साऱ्या गावाची किळस करून झाल्यावर त्या गाडीत कुल्याशला स्वतःची किळस आली, आणि ती कुठल्या साबणाने जाईल असं तिला वाटेना.

घरी आल्यावर झांदोसला फोन केला. तो सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाला, "अपा, तुम्ही घरात असताना?" आणि पलीकडून विहिरींच्या यंत्रांची घरघर येत राहिली.

आझेला सांगणं सर्वांत अवघड होतं. कुल्याशने तिच्यासमोर बसून सरळ सांगितलं, औषधाने काय केलं, किती नजर गेली.

"मला नाही काही झालं ते," आझे म्हणाली.

"तुम्ही महिनाभर घातलं, आझे. डॉक्टरने तपासून दिलं होतं. तुमच्या डोळ्यांना ते सोसलं."

"तिलाही सोसलं असतं. तू सारकित संडासात टाकलंस, तिथून ते उलटलं."

कुल्याशच्या तोंडात नेहमीचं अक्षर आलं होतं. ते तिने गिळलं. "असेल," ती म्हणाली. "माझ्यामुळेच झालं. पण आता पुन्हा कुणाच्या डोळ्यांत काही घालू नका. मांसाचं सारकित द्या, हाड द्या, मूठभर द्या, मी तोंड फिरवणार नाही. थेंब नाही."

आझेने तिच्याकडे निरखून पाहिलं. तीस वर्षांत सुनेने "माझ्यामुळे" हा शब्द उच्चारलेला तिने ऐकला नव्हता. म्हातारी उठली, पेटी उघडली, तळाशी हात घालून आणखी एक संपत आलेली बाटली काढली आणि सुनेपुढे धरली. तिच्यावरही मार्चचीच तारीख होती, आणि चोचीवर खपली होती. तरी कुल्याशने ती दोन्ही हातांनी घेतली, आझेला मान लववली आणि नंतरच टाकून दिली. खड्ड्यात नाही, दवाखान्यातल्या जाळायच्या डब्यात.

दवाखान्यातला भिंतीवरचा कागद अजून तिथेच आहे. कुल्याशने त्यात एक ओळ वाढवली: डोळे खाजत असतील तर मला सांगा, मी काही बोलणार नाही. बालकियाने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, "साबण काही बोलणार नाही? मग झुसानही फुलणार नाही." पण दुसऱ्या दिवशी ती आली, डोळे दाखवले, आणि कुल्याशने तिला शहरच्या डॉक्टरकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. नाक मुरडलं, पण बालकियाची पाठ वळल्यावर.

आता रोज सकाळी धारा काढायच्या आधी कुल्याश सुनेच्या डोळ्यांत थेंब घालते. दोघी खिडकीजवळ बसतात. कुल्याश दोनदा हात धुते, मेरूएर्त मान मागे टाकते. खालची पापणी ओढली, एक थेंब पडला, चोच कुठे टेकली नाही. मेरूएर्त डोळे मिटून नाकाजवळचे कोपरे दाबून धरते, कुल्याश घड्याळ बघते. पहिल्या आठवड्यात तो हात जवळ आला की मेरूएर्तचे खांदे ताठ होत. पुढे पुढे ते सैल पडायला लागले, आणि कुल्याशला त्याचा इतका आनंद झाला की तिने तो कुणालाही सांगितला नाही.

एका सकाळी थेंबाबरोबर थोडं चिकट पाणी निघालं आणि उजव्या गालावरून ओघळलं. मेरूएर्तने डोळे उघडले होते, ती सरळ समोरच्या भिंतीकडे बघत होती. कुल्याशने कापूस घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाच्या तरी डोळ्याचं पाणी उघड्या बोटाने पुसायला हात पुढे केला, अगदी सावकाश, पोर दचकू नये म्हणून. मेरूएर्तचे खांदे हलले नाहीत, पापणीही लवली नाही. कुल्याशला भरून आलं. पोरीला आता आपली भीती वाटत नाही, असं तिच्या मनात आलं.

मग बोट गालाला लागलं आणि मेरूएर्त केवढी तरी दचकली. तो हात तिला दिसलाच नव्हता.